बॉसचं उत्तर नकाशात असतं: ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ची लेव्हल डिझाइन आणि बॉस फाइट

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही किंवा लोकलच्या गर्दीत आवाज नीट येत नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. मधले ‘अं’ आणि ‘आता काय म्हणत होतो’ तेवढे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. एक सूचना आधीच: या भागात भरपूर स्पॉइलर आहेत, अगदी शेवटच्या बॉससकट.

आजचा विषय असा गेम आहे, जो तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी खेळला नसेल, पण पाहिला मात्र नक्की असेल. मोबाइलवर रील सरकवताना कधीतरी दिसलं असेल बघा: एक छोटासा योद्धा, समोर लाल केसांचा एक उंच माणूस, अंगाभोवती साप, हातात भाला, सगळीकडे आग. चाळीस सेकंद नुसती उलटसुलट पळापळ, मग शेवटचा वार आणि खेळणारा हेडफोन काढून ओरडतोय. तो गेम म्हणजे ‘एल्डन रिंग’, आणि तो लाल केसांचा माणूस त्याच्या ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ या विस्तारातला मेस्मर.

या रीलमुळे एक गैरसमज पक्का झालाय, आणि आजचा भाग त्यासाठीच आहे. रीलमध्ये फक्त बॉस दिसतो. त्याच्याआधी त्या खेळाडूने कुठे कुठे भटकंती केली, काय गोळा केलं, कोणत्या वाटा शोधल्या, यातलं काहीच दिसत नाही. मग पाहणाऱ्याला वाटतं की हा खेळ म्हणजे निव्वळ बोटांच्या वेगाचं काम आहे. ज्याची बोटं चपळ तो जिंकतो, आपलं काही खरं नाही. मला येणाऱ्या मेसेजमध्येही हा सूर सारखा असतो: ‘दादा, घेतला होता, पण जमलं नाही, सोडून दिला.’

माझं म्हणणं सरळ आहे. या विस्तारात बॉस आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. बॉसचं अर्धं उत्तर नकाशात पडलेलं असतं. जिथे हे जमलंय तिथे हा गेम कमालीचा न्याय्य आहे. जिथे जमलं नाही तिथे तो खरंच अन्याय करतो, आणि तेव्हा दोष तुमचा नसतो. हा फरक ओळखायचा कसा, ते आज बघू.

आधी थोडी ओळख

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी. ‘एल्डन रिंग’ हा गेम जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने बनवला आणि तो २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. जगाची पार्श्वकथा रचायला सोबत ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन होते. त्या वर्षीचा ‘गेम ऑफ द इयर’ पुरस्कार द गेम अवॉर्ड्समध्ये याच गेमला मिळाला. खेळायला पीसी किंवा कन्सोल लागतो, म्हणून आपल्याकडे खेळणाऱ्यांपेक्षा पाहणारे जास्त.

‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा त्याचा विस्तार २१ जून २०२४ ला आला. विस्तार म्हणजे मूळ गेमला जोडलेला नवा प्रदेश, नवी शस्त्रं, नवे बॉस. हा इतका मोठा होता की २०२४ च्या ‘गेम ऑफ द इयर’साठी त्याला स्वतंत्र नामांकन मिळालं.

आणि आत शिरायलाही परवानगी लागते, बरं का. विकत घेतला आणि लगेच सुरू, असं नाही. मूळ गेममधले दोन बॉस, राडान आणि मोग, आधी हरवायचे. मग मोगच्या महालात एका कोषातून बाहेर लोंबणारा सुकलेला हात दिसतो, त्याला स्पर्श केला की तुम्ही नव्या प्रदेशात पोहोचता. हे दोन्ही बॉस मूळ गेममध्ये ऐच्छिक आहेत. म्हणजे दारावरच निवड होते: आत येणारा माणूस मुरलेला आहे, हे बनवणाऱ्यांना माहीत असतं.

बनवणाऱ्यांपुढचा पेच

आता जरा त्यांच्या जागी उभे राहून बघा. आत येणारे खेळाडू मुरलेले आहेत, ठीक. पण त्यातला एक जण लेव्हल १०० ला आहे, दुसरा २०० च्या पुढे गेलाय, तिसऱ्याने गेम चार वेळा संपवलाय. या तिघांना एकच बॉस द्यायचा आहे. पहिल्याच्या मापाने बनवला तर तिसरा त्याला दोन मिनिटांत लोळवेल. तिसऱ्याच्या मापाने बनवला तर पहिल्याचा एका फटक्यात निकाल.

यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे या विस्ताराचा कणा आहे. त्यांनी ताकदीची दुसरीच मोजपट्टी आणली. तिचं नाव स्कॅडूट्री फ्रॅगमेंट, म्हणजे त्या प्रदेशाच्या मधोमध उभ्या असलेल्या सावलीच्या झाडाचे तुकडे. असे एकूण ५० तुकडे नकाशावर विखुरलेले आहेत. ते गोळा करून विश्रांतीच्या जागी वापरले की तुमचा वार वाढतो आणि तुम्हाला लागणारा मार कमी होतो. एकूण २० पायऱ्या. सुरुवातीच्या पायऱ्यांना एक-दोन तुकडे पुरतात, वरच्यांना तीन-तीन लागतात. आणि या ताकदीचा उपयोग फक्त या नव्या प्रदेशातच होतो.

यातली गंमत लक्षात आली का? एरवी अशा गेममध्ये ताकद हवी असेल तर शत्रू मारत बसायचं. तेच तेच पन्नास वेळा मारा, पॉइंट जमवा, लेव्हल वाढवा. ज्याला आपण ग्राइंड म्हणतो. इथे तो रस्ता जवळपास बंद केलाय. शंभर सैनिक मारलेत तरी तुकडा वाढत नाही. तुकडा हवा असेल तर उठून फिरावं लागतं. ताकद वेळात नाही, जागेत ठेवलीये.

आणि त्या जागाही कशाही निवडलेल्या नाहीत. मिकेला नावाचं पात्र या प्रदेशातून चालत गेलंय आणि वाटेत आपल्या देहाचे एकेक भाग टाकत गेलंय. जिथे टाकले तिथे क्रूस उभे आहेत, आणि बऱ्याच क्रूसांपाशी हे तुकडे मिळतात. काही मारिकाच्या मूर्तीपाशी असतात, काही डोक्यावर मडकं घेऊन फिरणाऱ्या सावल्यांकडे. म्हणजे गोष्ट जिथे घडली तिथेच ताकद आहे. कथेचा माग काढत गेलात तर आपसूक बळकट होता. मला हे डिझाइन फार आवडतं, कारण यात ‘कथा बघायची की लढायचं’ असा प्रश्नच उरत नाही.

बॉसच्या दारापर्यंतची वाट कुठे गेली?

जुन्या खेळाडूंना आठवत असेल. २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये बॉसकडे मेलात की शेवटच्या शेकोटीपासून पुन्हा पळत जायचं. वाटेत तेच शत्रू, तोच अरुंद पूल, तेच बाण. ती वाट हासुद्धा बॉसचाच भाग होता. दारापर्यंत पोहोचताना अर्धी औषधं संपलेली असायची.

‘एल्डन रिंग’मध्ये बहुतेक मोठ्या बॉसच्या दाराजवळच मारिकाचा खांब असतो. मेलात तर तिथेच उठता. चार पावलं, की पुन्हा लढाई. यामुळे राग कमी झाला हे खरं, पण त्यामुळे एक नुकसानही होऊ शकलं असतं: वाट आणि बॉस यांचा संबंधच तुटला असता. अठरा वेळा मेलात, अठरा वेळा तिथेच उठलात, आणि आजूबाजूचा किल्ला कसा होता हे विसरून गेलात.

तुकड्यांच्या पद्धतीने तो संबंध दुसऱ्या बाजूने परत जोडला. आधी वाट तुमच्याकडून काहीतरी काढून घ्यायची. आता वाट तुम्हाला काहीतरी देते. आधी चांगला खेळाडू तो, जो कमी मार खाऊन दारापर्यंत पोहोचतो. आता चांगला खेळाडू तो, जो दाराकडे पाठ फिरवून म्हणतो, ‘थांब, आधी त्या कड्याखाली काय आहे ते बघून येतो.’

सपाट कागदावरचा उभा नकाशा

आता लेव्हल डिझाइनच्या गाभ्याकडे येऊ. मूळ ‘एल्डन रिंग’चं जग बरंचसं आडवं पसरलेलं होतं: घोड्यावर बसा आणि क्षितिजाकडे निघा. विस्ताराचं जग उभं आहे. खाली नदी, वर पूल, त्याच्या वर किल्ला, त्याच्या मागे अवशेषांचं पठार, आणि सगळं एकावर एक. नकाशा मात्र सपाट कागदासारखा. त्यावर एखादी जागा अगदी हाताशी दिसते, प्रत्यक्षात ती तुमच्या पायाखाली शंभर हात असते.

सह्याद्रीत भटकलेल्यांना हे लगेच कळेल. समोरच्या डोंगरावरचं गाव दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, पण मधल्या दरीमुळे चालायला तीन तास लागतात. इथे तेच. ‘कुठे आहे’ हे नकाशा सांगतो. ‘कसं जायचं’ हे पायांनी शोधावं लागतं.

सगळ्यात उत्तम नमुना म्हणजे मधोमध असलेला शॅडो कीप हा किल्ला. त्याच्या पुढच्या दरवाजाने गेलात तर आत गोल्डन हिप्पोपोटॅमस नावाचा अवाढव्य पाणघोडा स्वागताला. त्याला हरवलं की दोन तुकडे मिळतात. आत पाण्याखाली बुडालेला एक चर्चचा भाग आहे. ते पाणी उपसता येतं, आणि मग त्याच जागेची दुसरी वाट उघडते. तिथून पुढे गेलं की थेट स्कॅडूट्रीच्या बुंध्यापाशी. दुसऱ्या बाजूला स्पेसिमन स्टोअरहाउस ही मजल्यांवर मजले असलेली वखार, छतापासून लोंबणारे नमुने, आणि तिच्या अगदी वर मेस्मर बसलेला. मागच्या दाराने गेलात तर कमांडर गायस. आणि एका धबधब्यामागे, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या भिंतीपलीकडे, खाली उतरणारी अशी वाट, जिचा शेवट पार वेगळ्याच प्रदेशात होतो.

एकच इमारत, पण ती अख्ख्या प्रदेशाचा चौक आहे. एखाद्या जुन्या वाड्यासारखी: पुढचं दार रस्त्यावर, मागचं बोळात, आणि माळ्यावरून शेजारच्या गच्चीवर उतरायची सोय. मेस्मरकडे अडकलात तर इथेच, याच किल्ल्यात, तुमच्यासाठी आणखी तीन कामं शिल्लक असतात. आणि प्रत्येक काम करून परत आलात की मेस्मर थोडा सोपा झालेला असतो. खरं तर तो सोपा झालेला नसतो, तुम्ही वाढलेले असता.

वाट शिकवते कशी

नकाशा नुसती ताकदच देतो असं नाही, शिकवतोही. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, फर्नेस गोलेम. मोकळ्या माळावर फिरणारे लोखंडी जाळीचे राक्षस, डोक्याच्या जागी पेटलेली भट्टी. साध्या गोलेमच्या पायांवर वार करत राहिलात तर तो कोसळतो. पण काहींच्या पायांना चिलखत आहे, तिथे तलवार काहीच करत नाही. मग करायचं काय? आजूबाजूला बघायचं. जवळपास उंच जागा असते. तिथून त्याच्या डोक्यातल्या भट्टीत पेटतं मडकं टाकायचं. म्हणजे इथे शस्त्रापेक्षा कडा जास्त उपयोगी. पाहिलंत, प्रश्न लढाईचा होता आणि उत्तर भूगोलाचं निघालं.

दुसरं, बेल नावाचा ड्रॅगन. तो जॅग्ड पीक या सुळक्याच्या माथ्यावर असतो. पण तिथे पोहोचायच्या आधी वाटेत लहान ड्रॅगन भेटतात; एके ठिकाणी तर दोघं आपापसात झुंजत असतात, तुम्ही फक्त बघे. ड्रॅगन झेप कशी घेतो, आग ओकण्याआधी मान कशी मागे नेतो, शेपटी कधी फिरते, हे सगळं चढताना डोळ्यांत बसतं. वाटेतच इगॉन भेटतो: मोडलेल्या देहाचा तिरंदाज, बेलला शिव्याशाप देत पडलेला. त्याची गोष्ट नीट पुढे नेलीत तर माथ्यावर तो तुमच्या बाजूने लढायला येतो, आणि त्याच्या आरोळ्या एकदा ऐकल्या की विसरता येत नाहीत. स्वतः बेलचं शरीरही वाचण्यासारखं आहे. एक पाय तुटलेला, पंख फाटलेले, अंगावर जुन्या शत्रूची मुंडकी अजून दात रोवून बसलेली. त्याच्यावर कोणीतरी आधी लढून गेलंय, हे तुम्हाला एक शब्द न बोलता कळतं. तो अमर नाही, जखमी आहे. दुसऱ्या टप्प्यात विजेचे आणि आगीचे पंख फुटतात तेव्हा छातीत धस्स होतं, पण तोवर तुम्ही त्याची भाषा शिकलेले असता.

तिसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं: अबिसल वूड्स आणि मिड्रा. या जंगलात शिरलात की तुमचा घोडा, टॉरंट, यायलाच तयार होत नाही. अख्ख्या गेममध्ये ज्याच्या भरवशावर धूम ठोकली, तोच नाही. आणि जंगलात असे जीव आहेत की त्यांनी पाहिलं, पकडलं, की खेळ खल्लास. मग तुम्ही वाकून, गवतात लपत, जीव मुठीत धरून चालता. बरं, त्यांच्यावर उपाय आहेच: नेमक्या क्षणी ढालीने त्यांचा हात झिडकारला तर ते मारता येतात. पण हे भीतीपोटी सुचत नाही.

त्या जंगलाच्या शेवटी एक हवेली, आणि हवेलीत मिड्रा. आधी तो अगदी दुबळा, कण्हणारा म्हातारा वाटतो. मग तो आपल्या देहात रुतलेली तलवार उपसतो, तिच्यासोबत डोकंही निघून येतं, आणि त्या जागी पिवळ्या आगीचा गोळा. पण लढाई कशी आहे माहितीये? स्वच्छ. त्याच्या हालचाली संथ, डौलदार, वाचता येण्याजोग्या. अर्धा तास लपतछपत आल्यानंतर पहिल्यांदा तुम्ही ताठ उभे राहून समोरासमोर लढता. जंगलाने भीती साठवली, बॉसने ती मोकळी केली. हे दोन्ही वेगवेगळे केले तर दोन्ही अर्धे होतील.

चांगला बॉस म्हणजे काय?

आता थेट लढाईबद्दल. कुस्ती पाहणाऱ्याला माहीत असतं: पैलवान डाव टाकण्याआधी त्याचा खांदा, त्याचा पाय काहीतरी सांगतो. चांगल्या बॉसचंही तसंच. प्रत्येक वाराआधी एक खूण असते आणि प्रत्येक वारानंतर एक फट असते. खूण वाचायची, वार चुकवायचा, फटीत एकदा मारायचं. दोनदा मारायचा मोह झाला की मेलात.

‘एल्डन रिंग’वरची एक जुनी तक्रार म्हणजे बॉस हात वर उचलून उगाच थांबतात, तुम्ही घाबरून आधीच लोळण घेता, आणि मग वार बसतो. तक्रार चुकीची नाही. पण यामागे विचार आहे: खेळाडूने घाबरून नव्हे, बघून हालचाल करावी. रेलाना घ्या, कॅसल एन्सिसची ती दोन तलवारीवाली. एका तलवारीला जादू, एकीला आग, आणि वारांची साखळी संपता संपत नाही. सुरुवातीला वाटतं की हिला फटच नाही. मग लक्षात येतं की साखळ्या मोजक्याच आहेत, त्यांची सुरुवात वेगवेगळी आहे. तिचा चंद्रांचा हल्ला तर उघडउघड धडा आहे: आकाशात उंच जाते, जमिनीवर एकामागून एक लाटा येतात, आणि लोळण्याऐवजी उडी मारली की काहीच लागत नाही. गेममध्ये उडीचं बटण आहे याची आठवण करून देणारी शिक्षिका म्हणा ना.

मेस्मरबद्दल मी एवढंच म्हणेन की हा या विस्तारातला सर्वात प्रामाणिक बॉस आहे. भाल्याचे वार लांब पल्ल्याचे, पण स्पष्ट. आगीचा प्रत्येक हल्ला आधी हात दाखवतो. आणि त्याच्यापर्यंत पोहोचताना किल्ल्यात त्याचे आगवाले सरदार भेटलेले असतात, म्हणजे ती आग तुम्हाला अनोळखी नसते. दुसऱ्या टप्प्यात तो आपला डोळा उपसून चिरडतो आणि आतला साप बाहेर येतो, तेव्हासुद्धा माणूस आणि साप यांची लय वेगळी ओळखता येते. मला दोन संध्याकाळी लागल्या. पण त्या दोन्ही संध्याकाळी प्रत्येक मरणानंतर ‘का मेलो’ हे मी सांगू शकत होतो.

हीच माझी कसोटी आहे, लिहून ठेवा. मेल्यावर कारण सांगता आलं, तर तो बॉस अवघड आहे. कारणच सांगता आलं नाही, तर तो अस्पष्ट आहे. अवघड असणं हा गुण आहे. अस्पष्ट असणं हा दोष आहे.

आणि जिथे गणित चुकलं

या कसोटीवर सगळंच उतरत नाही. आपण चाहते आहोत म्हणून डोळे मिटायचे नाहीत.

शेवटचा बॉस म्हणजे एनिर-इलिमच्या माथ्यावरचा प्रॉमिस्ड कॉन्सॉर्ट राडान. पहिला टप्पा कठीण, पण वाचता येतो. दुसऱ्या टप्प्यात मिकेला त्याच्या पाठीवर येतो, आणि मग जवळपास प्रत्येक वारासोबत प्रकाशाचे झोत. सुरुवातीच्या काळात तो प्रकाश इतका होता की पुढचा वार कोणता हेच दिसायचं नाही. म्हणजे खूण होती, पण ती झाकली गेली होती. डाव बघायचा कसा, समोर कोणी डोळ्यांत टॉर्च मारत असेल तर?

११ सप्टेंबर २०२४ च्या आसपास आलेल्या १.१४ पॅचमध्ये फ्रॉमसॉफ्टवेअरने नेमकं यालाच हात घातला. सुरुवातीची चाल बदलली, काही वारांचा मार कमी केला, आणि काही हल्ल्यांचे दृश्य परिणाम नीट दिसतील असे केले. बॉसला मवाळ केलं, असं काही जण नाराजीने म्हणाले. मला वाटतं, त्यांनी बॉसला सोपं कमी आणि स्पष्ट जास्त केलं.

दुसरा दोष तुकड्यांचाच. पद्धत हुशार आहे, पण ती हुशारी गेम नीट समजावून सांगत नाही. विस्तार आला तेव्हा स्टीमवर रिव्ह्यू ‘मिक्स्ड’वर घसरले होते. त्यात गेम अडखळण्याच्या तांत्रिक तक्रारी होत्या, आणि ‘फारच अवघड’ ही तक्रारही. खूप जण दोन-तीन तुकडे घेऊन पुढच्या बॉसवर डोकं आपटत होते, कारण मूळ गेमने त्यांना लेव्हलवर भरवसा ठेवायला शिकवलं होतं. आठवड्याभरातच पॅच आला आणि सुरुवातीच्या पायऱ्यांची ताकद वाढवली गेली, म्हणजे थोडक्या तुकड्यांतही फरक जाणवावा. याचा अर्थ सरळ आहे: त्या पहिल्या आठवड्यात हरलेले सगळे खेळाडू कच्चे नव्हते. बनवणाऱ्यांनाच मोजपट्टी दुरुस्त करावीशी वाटली.

तिसरा दोष: जर बक्षीस जागेत ठेवलंय, तर जागा रिकामी सोडून चालत नाही. दक्षिणेचा निळा समुद्रकिनारा, सेरुलियन कोस्ट, दिसायला अप्रतिम. पण तिथे मैलभर घोडा दामटला तरी हाती फारसं लागत नाही. शोधायला शिकवायचं आणि मग शोधणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवायचं, हे काही बरोबर नाही.

अडकलात तर काय करायचं

आता कामाचं. खेळत असाल, किंवा मित्राच्या पीसीवर कधी बसणार असाल, तर हे चार उपाय. कोणत्याही अवघड अ‍ॅक्शन गेमला चालतील.

एक. एकाच बॉसकडे सात-आठ वेळा मेलात की नकाशा उघडा. न गेलेला कोपरा, न चढलेला कडा, लांबून दिसलेला क्रूस शोधा. दोन-तीन तुकडे घेऊन परत या. ही माघार नाही. गेमची हीच अपेक्षा आहे.

दोन. एक अख्खा प्रयत्न वार न करता खेळा. फक्त चुकवायचं आणि बघायचं. जिंकायचंच नाही असं ठरवलं की हात थरथरत नाहीत, आणि डोळे मोकळे होतात.

तीन. प्रत्येक मरणाला नाव द्या. ‘दिसलं नाही’, ‘दिसलं पण उशीर झाला’, किंवा ‘हाव केली’. हाव असेल तर एक वार कमी करा. उशीर असेल तर सराव. दिसलंच नसेल तर कॅमेरा बघा: डान्सिंग लायनसारखा मोठा बॉस अंगावर आला की लॉक-ऑन सोडून द्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

चार. मदत घ्या. आत्मे बोलवा, साथीदार बोलवा, इगॉनला बोलवा. ‘मदत घेतली म्हणजे जिंकणं खरं नाही’ असं कमेंटमध्ये लिहिणारे भेटतील. ती सोय बनवणाऱ्यांनीच दिलीये, आणि तिच्यासाठी गोष्टीही लिहिल्यात. इगॉनला एकट्यालाच आयुष्यभर बेलवर ओरडत ठेवायचं असतं, तर त्यांनी त्याला हाक मारायची सोय दिली नसती.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. ‘जमलं नाही, सोडून दिला’ म्हणणाऱ्यांना मला एकच विचारायचंय: सोडताना तुमच्याकडे किती तुकडे होते? चार-पाच असतील, तर तुम्ही हरला नव्हता, तुम्ही फक्त लवकर दार ठोठावलं होतं. आणि पंधराव्या पायरीवर जाऊनही प्रकाशात काही दिसत नव्हतं म्हणून सोडला असेल, तर तुमची तक्रार रास्त होती, पॅचने ती मान्यही केली. दोन्ही बाबतीत ‘माझी बोटंच मंद’ हे कारण नाही.

पुढच्या रीलमध्ये कोणी मेस्मरला लोळवताना दिसला, तर त्या चाळीस सेकंदांच्या आधीची भटकंती डोळ्यांपुढे आणा. खरा गेम तिकडे आहे.

तुमचा सगळ्यात न्याय्य वाटलेला बॉस कोणता आणि सगळ्यात अस्पष्ट कोणता, ते व्हॉइस नोटवर पाठवा. कारणासकट पाठवा, नुसतं नाव नको. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. तोवर नकाशा उघडा ठेवा. भेटू!